अदमास उपजत, हिशेब शिकवलेला

गणितात मागे पडणाऱ्या मुलाविषयी ‘त्याला मुळात संख्येची जाणच नाही’ असे जे म्हटले जाते, ते पूर्वी थकलेल्या शिक्षकाचे किंवा निराश पालकाचे वाक्य होते. गेल्या तीसेक वर्षांत मेंदूविज्ञानाच्या अर्धवट वाचनामुळे त्याच वाक्याला शास्त्राचे पाठबळ असल्याचा समज पसरला आहे. या समजाची मांडणी साधारणपणे अशी असते की, संख्येची जाण मेंदूत उपजत असते, तिची तीक्ष्णता माणसागणिक वेगळी असते, आणि ज्या मुलांत ती बोथट असते ती कितीही शिकवले तरी गणितात पुढे जात नाहीत. रायगड जिल्ह्याच्या आतल्या बाजूला, कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कातकरी व ठाकूर वाड्यांवरची मुले भागाकारापाशी अडतात तेव्हा हाच युक्तिवाद थोड्या सौम्य शब्दांत पुढे येतो, आणि अडण्याचे कारण शाळेत, हंगामी स्थलांतरात किंवा शिकवण्याच्या रीतीत न शोधता मुलांच्या डोक्यात शोधले जाते. या युक्तिवादाचे पहिले विधान अर्धे खरे आहे, दुसरे खरे असले तरी त्यातून जे काढले जाते ते निघत नाही, आणि तिसरे तर उपलब्ध पुराव्याच्या थेट विरुद्ध जाते.

उपजत नेमके काय असते, हे आधी पाहिले पाहिजे. १८७१ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने घेवड्याच्या काळ्या दाण्यांची मूठ एका लहान खोक्याच्या दिशेने टाकायची, खोक्यात पडलेल्या दाण्यांवर क्षणभर नजर टाकून आकडा बोलायचा आणि मग दाणे मोजून पडताळायचे, असा प्रयोग स्वतःवरच हजाराहून अधिक वेळा केला. तीन आणि चार दाण्यांच्या बाबतीत त्याची एकदाही चूक झाली नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या आणि आकडा वाढत गेला तशा त्या वाढत गेल्या. चारापर्यंतच्या वस्तू न मोजताच ‘दिसतात’, या क्षमतेला मानसशास्त्रात सुबिटायझिंग म्हणतात आणि मराठीत तिला तत्क्षण गणन म्हणता येईल. चारापलीकडे मेंदू वेगळ्या मार्गाने जातो. तिथे त्याला संख्या कळत नाही, प्रमाण कळते. अर्न्स्ट वेबर आणि गुस्ताव फेखनर या जर्मन अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात वजन, प्रकाश, आवाज यांच्याबाबत जो नियम मांडला तोच इथेही लागू पडतो: दोन राशींतला फरक जाणवणे हे त्या फरकाच्या आकारावर नव्हे, तर मूळ राशीशी असलेल्या त्याच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. म्हणूनच १० आणि २० दाण्यांतला फरक एका नजरेत कळतो, पण ९० आणि १०० यांतला फरक, तितक्याच दहा दाण्यांचा असूनही, कळत नाही.

ही ढोबळ जाण फार लवकर दिसते. फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्के यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांना ८ आणि १६ ठिपक्यांतला भेद कळला, ८ आणि १२ यांतला मात्र कळला नाही. मोठ्या माणसांत ही जाण बरीच धारदार होते, तरी १० ते १५ टक्क्यांच्या आतला फरक नुसत्या नजरेने खात्रीपूर्वक पकडणे बहुतेकांना अवघडच जाते. मेंदूच्या दोन्ही अंगांना, डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूस असलेल्या पार्श्विक खंडातील एका खाचेचा या जाणिवेशी निकटचा संबंध आहे, हे मेंदूच्या प्रतिमाचित्रणातून पुढे आले. १९९७ मध्ये फ्रेंच अभ्यासक स्तानिस्लास देआन यांच्या ‘द नंबर सेन्स’ या पुस्तकाने ते सामान्य वाचकांपर्यंत नेले. आंद्रेआस नीडर यांच्या संशोधनातून २००२ मध्ये माकडांच्या मेंदूतही अशा पेशी सापडल्या की, ज्यांतली एखादी तीन ठिपक्यांना सर्वाधिक प्रतिसाद देते, दोन किंवा चार ठिपक्यांना कमी आणि पाचांना त्याहूनही कमी. म्हणजे पेशीसुद्धा ‘तीन’ असे ठाम सांगत नाही, ‘तीनच्या आसपास’ असे सांगते.

इथेच पहिल्या विधानातली गफलत उघड होते. बाळ, माकड आणि प्रौढ माणूस यांना जे समान मिळालेले आहे ते अदमासाचे साधन आहे. ३७ ही ३६ नंतर आणि ३८ च्या आधी येणारी, दोहोंहून निःसंदिग्धपणे वेगळी संख्या आहे, हे ज्ञान त्या साधनात कुठेच नाही. बोधात्मक विज्ञानाचे अभ्यासक राफाएल नुन्येझ यांनी २०१७ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला: उत्क्रांतीने मेंदूला राशींमध्ये भेद करण्याची शक्ती दिली, आणि संख्या ही त्या शक्तीवर भाषा, चिन्हे व रूढी यांनी रचलेली इमारत आहे, दोघींना एकच नाव दिल्याने दुसरीही जन्मतः मिळते असा भास निर्माण होतो. हा आक्षेप केवळ शब्दांच्या काटेकोरपणापुरता मानणे चूक ठरेल, कारण जे जन्मतः मिळते त्याच्या अभावाचा दोष जन्मावर जातो, आणि जे शिकवावे लागते त्याच्या अभावाचा दोष शिकवणाऱ्या व्यवस्थेवर जातो.

दोष जन्मावर टाकण्याची ही खोड जुनी आहे. फ्रान्सिस गॉल्टन याने नैर्ऋत्य आफ्रिकेतील प्रवासावर १८५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तिथल्या पशुपालकांच्या गणनशक्तीची टर उडवली आहे. एका मेंढीला तंबाखूच्या दोन कांड्या हा भाव ठरला असता दोन मेंढ्या घेऊन चार कांड्या एकदम दिल्या की तो मनुष्य गोंधळून जातो, असे त्याने लिहिले आणि पुढे आपल्या कुत्रीशी त्या लोकांची तुलनाही केली. परक्या व्यापाऱ्याशी एकेक मेंढी देऊन एकेक मोबदला पदरात पाडून घेणे ही सावधगिरी असू शकते आणि दोन मेंढ्या सारख्या मोलाच्या नसतात, याचा विचार त्याला सुचला नाही. त्याच पुस्तकात त्याने हेही नोंदवले आहे की हे लोक बैल क्वचितच हरवतात, कारण कळपात संख्या किती हे न मोजता ओळखीचा कोणता चेहरा दिसत नाही हे ते पाहतात. स्वतःच्या पुराव्याचा अर्थ न कळलेल्या या माणसाने पुढे आनुवंशिक बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडला आणि ‘युजेनिक्स’ हा शब्द रूढ केला, ही बाब वाड्यांवरच्या मुलांविषयी ‘त्यांच्यात ते नाही’ असे सहज बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

गॉल्टनच्या प्रश्नाची नीट परीक्षा दीडशे वर्षांनी झाली. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहणाऱ्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत साधारण पाचापलीकडे पक्के संख्यावाचक शब्द नाहीत. पिएर पिका, देआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या लोकांना ठिपक्यांचे दोन मोठे समूह दाखवून मोठा कोणता ते विचारले, तेव्हा ८० ठिपक्यांपर्यंतच्या समूहांतही त्यांची कामगिरी शाळा शिकलेल्या फ्रेंच लोकांच्या जवळपास होती. परंतु सहा वस्तूंतून चार काढल्यावर नेमक्या किती उरल्या, असा प्रश्न आला की ते अडखळत होते. अदमास तोच, हिशेब मात्र नाही. आणि दोहोंमधले अंतर मोजणीचे शब्द व त्यांचा सराव यांचे आहे. याला जोडून बोलिव्हियातील त्सिमाने या शेती व शिकारीवर जगणाऱ्या समाजातील मुलांचा २०१४ चा अभ्यास वाचला पाहिजे. जगभरची मुले आधी ‘एक’ चा अर्थ शिकतात, मग काही महिन्यांनी ‘दोन’ चा, मग ‘तीन’ चा, आणि त्यानंतर एकदम त्यांच्या लक्षात येते की मोजताना उच्चारलेला शेवटचा शब्द हाच समूहाचा आकडा असतो. त्सिमाने मुले याच पायऱ्यांनी, याच क्रमाने जातात. फक्त शहरी मुलांपेक्षा बरीच उशिरा. वाट एकच असून वेग तेवढा बदलतो, आणि तो कानावर पडणाऱ्या मोजणीप्रमाणे बदलतो, याहून स्पष्ट पुरावा मागणे कठीण आहे.

कर्जत, नेरळ आणि खोपोलीच्या बाजारांत वाड्यांवरच्या बाया रानभाज्या, पानांच्या द्रोणांतली करवंदे-जांभळे, ओढ्यातले मुठे (खेकडे) आणि मासळी घेऊन बसतात. मासळीचा आणि मुठ्यांचा ‘वाटा’ लावला जातो, म्हणजे वजन न करता सारख्या दिसतील अशा लहान राशी मांडल्या जातात. एका वाट्यात तीन-चार मुठे असतात, तेव्हा ते मोजावे लागत नाहीत. बारीक मासळीच्या वाट्यांत मात्र नजरेने तुलना करून इथली चिमूट तिथे टाकत राशी सारख्या केल्या जातात. माणसाच्या मेंदूत ज्या दोन उपजत क्षमता सांगितल्या जातात त्या दोन्ही इथे रोज, आणि अत्यंत सफाईने, वापरल्या जातात. आईशेजारी बसून वाटे लावणाऱ्या मुलीला राशीची जाण नाही, असे म्हणण्याला मग काय आधार उरतो? आणि वाटा लावून झाला की ती मुलगी तीन वाट्यांचे पैसे, नोट, सुटे आणि गिऱ्हाइकाने घासाघीस करून उतरवलेला भाव यांचा हिशेब करते, तो तर अदमासही नसतो. तो नेमका हिशेब असतो.

दुसऱ्या टोकाला जाऊन काही सहृदय मंडळी याच गोष्टीवरून म्हणतात की मुलांना गणित येतेच, शाळेने उगाच त्यांच्यावर कागदी गणित लादू नये. हा कैवार मुलांच्या हिताचा नाही, आणि तो का नाही हे समजण्यासाठी बाजारातून वीटभट्टीवर जावे लागते.

शासनदरबारी आदिम जमात म्हणून नोंद असलेल्या कातकरी समाजातली असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर वाडी सोडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मधले महिने वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. जाण्याआधी मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतलेली असते, भट्टीवर आठवड्याला खाण्यापुरती खर्ची मिळते, आणि मजुरी दर हजार विटांच्या हिशेबाने लागते. हंगामाच्या शेवटी पाडलेल्या विटांच्या मजुरीतून उचल आणि खर्ची वजा करून जे उरेल ते हातात पडते, आणि काही उरले नाही किंवा उलट देणे निघाले तर पुढच्या वर्षाची उचल त्यावर चढते. वेबर-फेखनरचा नियम इथे प्रयोगशाळेबाहेर येतो आणि एखाद्या कुटुंबाच्या वर्षभराच्या कमाईवर बसतो. वाळत घातलेल्या हजार विटा आणि साडेनऊशे विटा यांतला फरक कोणत्याही माणसाच्या नजरेला दिसत नाही. मालकाच्या नाही, मजुराच्या नाही, गणिताच्या प्राध्यापकाच्याही नाही, कारण तो पाच टक्क्यांचा फरक आहे आणि मानवी मेंदूची घडणच तो टिपण्याइतकी बारीक नाही. समजा, फुटतुटीच्या नावाखाली किंवा मोजण्याच्या घाईत दर हजारामागे ५० विटा कमी धरल्या गेल्या, तर लाखभर विटांच्या हंगामात पाच हजार विटांची मजुरी नजरेआड होते, आणि ती गेली हे कळण्याचा एकच मार्ग उरतो: रोजच्या विटा मोजून लिहून ठेवणे आणि शेवटी बेरीज करणे. ज्यांच्याकडे लेखी हिशेब आहे त्यांच्याशी केवळ अदमासावर व्यवहार करणारा माणूस कायम तोट्यात राहतो, आणि रक्कम जितकी मोठी तितका तोटा अधिक अदृश्य होतो. बाजारातल्या तीन वाट्यांचा तोंडी हिशेब हुशारीचा असतो, परंतु सहा-सात महिन्यांची उचल, खर्ची आणि वजावट त्या हुशारीच्या आवाक्याबाहेर असते. ती कोणाच्याही तोंडी हिशेबाच्या आवाक्याबाहेर असते, म्हणून तर लेखन शोधले गेले.

या भागातल्या कर्जाच्या इतिहासाने हे फार पूर्वी सिद्ध केले आहे. पावसाळ्यात धान्य संपल्यावर सावकाराकडून भात घ्यायचे आणि पीक आल्यावर सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट फेडायचे, ही रीत कोकणातल्या कुळांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडली होती. मराठी शाळांतून एकेकाळी पाठ करून घेतली जाणारी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही अपूर्णांकांची कोष्टके अशाच व्यवहारांत उपयोगी पडत. फरक एवढाच की ती ज्यांच्या तोंडपाठ होती ते देणारे होते आणि ज्यांना ती कधी शिकवलीच गेली नाहीत ते घेणारे होते. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि पुढचा प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारायचा, ही ग्रामीण रीत श्रद्धेची खरीच, पण ती सर्वांच्या कानांसमोर केलेली नेमकी मोजणीही होती. नजरेवर भरवसा ठेवू नये हे ती रीत घडवणाऱ्यांना ठाऊक होते. माथेरानला जन्मलेले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांनी स्वातंत्र्यलढ्यात उतरण्याआधी कर्जत भागातील शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी धान्यकोठी उभारली आणि त्याच सुमारास खेड्यांतून शाळाही चालवल्या. धान्यकोठी आणि शाळा ही दोन कामे एकाच माणसाने हाती घ्यावीत हा योगायोग मानण्याचे कारण नाही, कारण मापाचा आणि व्याजाचा हिशेब कुळाला स्वतः पडताळता आल्याखेरीज कोठीतले धान्यही त्याला सुटका देऊ शकले नसते.

आता विरोधी पक्षाच्या सर्वांत बळकट पुराव्याकडे वळता येईल. जस्टिन हॅल्बर्डा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की चौदा वर्षांच्या मुलांच्या ढोबळ संख्याजाणिवेची तीक्ष्णता आणि त्यांची अगदी बालवाडीपासूनची गणितातली कामगिरी यांच्यात संबंध आढळतो. या निष्कर्षाचा आधार घेऊन ‘जाण बोथट म्हणून गणित कच्चे’ असे म्हटले जाते. परंतु दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. वर्षानुवर्षे गणित करण्याने नजरच धारदार होत गेली असेल, हा उलटा अर्थही त्या आकड्यांतून तितकाच निघतो. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवायला प्रत्यक्ष हस्तक्षेप करून पाहावा लागतो, आणि तो प्रयोग भारतातच झाला आहे. स्पेल्के, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या मुंबईत जन्मलेल्या संस्थेच्या मदतीने दिल्लीतील गरीब वस्त्यांमधल्या दीड हजारांहून अधिक बालवाडीच्या मुलांसोबत राशींची तुलना करण्याचे आणि आकृत्या ओळखण्याचे खेळ काही महिने खेळवून पाहिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या मुलांची ढोबळ जाण खरोखर सुधारली आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती. शाळेतल्या औपचारिक गणितात मात्र टिकणारी वाढ झाली नाही. जाण बोथट असणे हेच जर अडण्याचे कारण असते, तर जाण धारदार केल्यावर अडणे संपायला हवे होते. ते संपले नाही, कारण अडथळा जाणिवेत नव्हता. तो जाण आणि चिन्हे यांच्यामधल्या, कोणी न बांधलेल्या पुलाच्या जागी होता.

तो पूल नेमका कुठे नाही, हे याच गटातील संशोधकांनी २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांच्या अभ्यासातून दाखवले. यांतली बहुतेक मुले किलो, ग्रॅम, भाव आणि सुटे यांची गुंतागुंतीची आकडेमोड व्यवहारात बरोबर करत होती. तीच किंवा त्याहून सोपी गणिते शाळेच्या पद्धतीने, निव्वळ आकड्यांत मांडली की ती अडत होती. त्याच अभ्यासातील ४७१ शाळकरी मुले, ज्यांना विक्रीचा अनुभव नव्हता, ती कागदावरची सोपी गणिते तुलनेने बरी सोडवत, पण बाजारातला हिशेब त्यांना जमत नव्हता. ब्राझीलच्या रेसिफी शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांविषयी १९८५ मध्ये असाच निष्कर्ष निघाला होता. या अभ्यासांनी वाड्यांवरच्या मुलांविषयीचा आरोप जसा खोडला जातो, तसाच शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलाला गणिताची उपजत देणगी असते हा समजही खोडला जातो. दोघांनाही जे शिकवले गेले तेच आले, आणि जे जोडून दाखवले गेले नाही ते जोडले गेले नाही.

संख्या शिकावी लागते, आणि ती ज्या शब्दांतून शिकवली जाते त्या शब्दांची घडणही शिकण्याचा वेळ कमी-जास्त करते, हे महाराष्ट्राने २०१९ च्या जून महिन्यात फार चुकीच्या रीतीने ऐकले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’, ‘बावीस’ यांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्यावर मराठी मोडल्याचा आरोप झाला. भाषेवरच्या प्रेमातून आलेला राग समजण्यासारखा होता, पण आक्षेपकांनी मूळ अडचण नाकारली ती मात्र समजण्यासारखी नव्हती. मराठीत २२ म्हणताना आधी एककाचा आवाज येतो आणि लिहिताना आधी दशक येते. ५९ ला ‘एकोणसाठ’ म्हणताना साठाचे नाव ऐकू येते आणि पाचाचा आकडा लिहावा लागतो. आणि ९९ ला हा नियमही सुटतो. जर्मन भाषेतही एकक आधी येतो, आणि ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांच्या श्रुतलेखनाच्या २००९ मधील अभ्यासात संख्या लिहिण्याच्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित आढळल्या. नॉर्वेने तर टेलिफोन खात्याच्या आग्रहावरून १९५१ मध्ये संसदेच्या ठरावाने दशक आधी घेण्याची रीत अधिकृत केली, आणि नॉर्वेजियन भाषा त्याने संपली नाही. घरात वेगळी बोली बोलणाऱ्या कातकरी मुलाला पहिलीत पाऊल ठेवताच शाळेची मराठी आणि तिच्यातली ही उलटी संख्यानावे एकाच वेळी आत्मसात करावी लागतात. त्यात त्याचे वर्ष मोडले, तर त्याच्या मेंदूविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. नारळीकर यांनी सुचवलेली वाट पूरक होती, तिच्यामुळे ‘बावीस’ मरणार नव्हते, आणि ज्या मुलांना तिची सर्वाधिक गरज होती त्यांच्या वतीने त्या वादात जवळजवळ कोणीच बोलले नाही.

शाळेच्या वर्षाचा दुसरा अर्धा भाग, ज्यात वरच्या बेरजा-वजाबाक्या, गुणाकार आणि भागाकाराचे धडे येतात, तोच भट्टीचा हंगाम असतो. त्या काळात वाडीवरची पटावरची मुले भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीत, असतात. मुंबईच्या उत्तरेकडच्या वीटभट्ट्यांच्या पट्ट्यात विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्टीवरच ‘भोंगाशाळा’ भरवून दाखवल्या आणि मुले तिथे शिकतात हे सिद्ध केले. तेव्हा उपाय ठाऊक नाही अशी सबब उरत नाही. उलट २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची जी दिशा शासनाने दाखवली, तिचा सर्वाधिक भार डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्यांवर पडतो. जून ते दिवाळी शिकलेले मूल पुढच्या जूनमध्ये परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि मूल जिथे होते तिथेच असते, कधी त्याच्याही मागे गेलेले असते. या रचनेतून जे निकाल येतात ते मुलांच्या जन्मजात क्षमतेचे मोजमाप म्हणून वापरणे हा शास्त्राच्या नावावर केलेला अन्याय आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा मागे राहिलेल्या मुलांना वयानुरूप वर्गात आणण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद करतो आणि शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असेही सांगतो. कर्जत आणि खालापूर पंचायत समित्यांचे शिक्षण विभाग, रायगड जिल्हा परिषद आणि पेणचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांनी या तरतुदींचा अर्थ स्वतःच्या तालुक्यापुरता लावावा: दिवाळी ते मे या काळात भट्टीवरील मुलांच्या शिक्षणाची नोंद आणि जबाबदारी त्या-त्या शाळेने सोडू नये, जिथे कुटुंब मुलाला मागे ठेवू शकते तिथे हंगामी वसतिगृह वेळेवर उघडावे, अंगणवाडीत आणि पहिलीत मोजणी घरच्या बोलीतून सुरू होऊन मग शाळेच्या मराठीकडे यावी, वाटे आणि नोटा यांवरून कागदावरच्या आकड्यांकडे जाण्याचा सराव रोजच्या पाठाचा भाग व्हावा, आणि उचल, खर्ची व हजाराच्या दराचा हिशेब वहीत मांडणे चौथी-पाचवीच्या प्रत्येक मुलाला आले पाहिजे असे उद्दिष्ट उघडपणे ठरवावे. आणि शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी व लेखकांनी ‘या मुलांना संख्येची जाण नाही’ हे वाक्य वापरणे आजपासून थांबवावे, कारण ते असत्य आहे.